लॅप टाईम कुठे सांडतोय? ट्रॅकवर नवीन जाणाऱ्यांसाठी डेटा लॉगिंग, सोलापूरहून

सोलापुरात रेस ट्रॅक नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "इथं कुठं चालवायचं?" हा प्रश्न मिटला. आपल्याला कार्टिंगसाठी कोल्हापूरकडं हुपरी, आणि मोठ्या ट्रॅकसाठी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई. चेन्नई म्हणजे एका बाजूनं आठशेच्या वर किलोमीटर, छोटा हत्तीचं भाडं, दोन दिवस सुट्टी, टायर, एंट्री फी. एवढं सगळं करून दिवसभरात हातात येतात चार-पाच सेशन, म्हणजे जेमतेम दीड-दोन तास गाडी चालवणं. म्हणूनच आपल्यासारख्यांना डेटा, म्हणजे गाडी कुठल्या क्षणाला कुठं आणि किती स्पीडनं होती याची नोंद, जास्त लागतो, चेन्नईच्या पोरांना काय, पुढच्या रविवारी परत जातील.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, गाडी जुनी यामाहा आर१५ बाईक. पहिले दोन ट्रॅक डे (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) नुसत्या फीलिंगवर चालवलं. एका लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, मागचं चाक थोडं घसरलं, गुडघा टेकला, वाटलं हाच आपला बेस्ट, खाली येऊन बघतो तर २:२६ मिनिटं. आणि ज्या लॅपला कंटाळा आल्यासारखं गुमान चालवत होतो तो २:२४. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. कारखान्यात एखादा लूम माल कमी काढतोय म्हटल्यावर आम्ही लगेच स्पीड वाढवत नाही, आधी बघतो शिफ्टमध्ये किती वेळ बंद होता आणि कशानं बंद होता, ताणा तुटला की बाणा. लॅपचंही तसंच करायचं, आधी वेळ कुठं जातोय ते शोधायचं आणि मग हात घालायचा, तोही एकाच ठिकाणी.

१. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचं पटकन सांगतो. ट्रॅक डेला साधारण ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, गाडीच्या आरसीची झेरॉक्स, ब्लड ग्रुप, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि "काही झालं तर जबाबदारी माझी" असा फॉर्म, तो जागेवर सही करून घेतात. अठराच्या खाली असाल तर आई-वडिलांची सही. रेसमध्ये उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) कॉम्पिटिशन लायसन्स लागतं आणि त्यासाठी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि गाडीच्या इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, पॉलिसीचा कागद काढून वाचा.

डेटासाठी लागणारं सामान:

- अँड्रॉइड किंवा आयफोन, जुना असला तरी चालेल, उलट जुनाच बरा
- लॅप टायमर ऍप: रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकऍडिक्ट, यातलं कुठलंही एक
- बाहेरचा ब्लूटूथ जीपीएस, १० हर्ट्झ (सेकंदाला दहा वेळा जागा सांगणारा) किंवा जास्त (हा का, ते खाली)
- पॉवर बँक
- वेल्क्रो पट्टी, झिप टाय, चांगली चिकटपट्टी
- स्वतःचा हवेचा गेज
- वही आणि पेन्सिल

वेल्क्रोसाठी ऑनलाईन ऑर्डर करू नका, नवी पेठेत शिलाई मटेरियलच्या दुकानात मीटरवर मिळते. आणि गेज स्वतःचाच पाहिजे, पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळले तर मला कळवा.

२. फोनचा जीपीएस का पुरत नाही

फोनमधला जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी १०० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्ये २८ मीटरचा अंधार, आणि तुमचं ब्रेकिंग, वळणं, थ्रॉटल उघडणं सगळं त्या अंधारात होतं. १० हर्ट्झला हेच अंतर २.८ मीटर होतं, २५ हर्ट्झला १.१ मीटर. लॅप टाईम फोनही बऱ्यापैकी सांगेल, पण कॉर्नरच्या आत काय झालं ते फोनला दिसत नाही, आणि आपल्याला बघायचंय तेच.

तयार डबा घ्यायचा तर रेसबॉक्स मिनी २५ हर्ट्झचा आहे. कार्टवाल्यांकडे बहुतेक एआयएमचा मायक्रॉन दिसेल, तो कार्टसाठीच बनवलाय. हातात सोल्डरिंग आयर्न असेल तर यू-ब्लॉक्सचं जीपीएस मॉड्यूल आणि ईएसपी३२ हा ब्लूटूथवाला छोटा बोर्ड घेऊन घरी पण बनतं, रेसक्रोनोनं अशा घरगुती डब्यांसाठी जोडणीची पद्धत उघडी ठेवलीये. मी तेच केलं, डबा म्हणून जेवणाच्या डब्यातला चटणीचा छोटा प्लास्टिक डबा वापरला, अजून टिकलाय. शेंगा चटणीचा वास मात्र गेला नाही.

ओबीडी ऍडॉप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनला देणारा प्लग, घ्यायचा का? कारमध्ये असेल तर घ्या, थ्रॉटल आणि आरपीएम मिळतो. पण स्वस्तातला, ईएलएम३२७ चिपची नक्कल असलेला ऍडॉप्टर हळू असतो आणि जितक्या जास्त गोष्टी मागाल तितका प्रत्येकीचा वेग वाटला जातो. दोनच मागा, आरपीएम आणि थ्रॉटल. कूलंटचं तापमान, इंधन वगैरे मागत बसलात तर कामाचं काहीच धड येणार नाही. सुरुवातीला ओबीडी नसला तरी काही अडत नाही, नुसत्या स्पीडच्या रेषेत एवढं दिसतं की पहिलं वर्ष पुरेल.

३. घरी सराव, स्कूटरवर

ट्रॅकवर जाऊन पहिल्यांदा ऍप उघडणारे मी खूप बघितलेत, अर्धं सेशन त्यातच जातं. मी जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीला ऍक्टिव्हावरून वीस-पंचवीसच्या स्पीडनं फेऱ्या मारून ऍप शिकलो. दहाव्या फेरीला गेटवरचे काका म्हणाले, "काय लका, पेट्रोल जास्त झालंय का?" पण स्टार्ट लाईन कशी टाकायची, सेक्टर (लॅपचे तुकडे) कसे पाडायचे, फाईल कुठं सेव्ह होते, हे सगळं तिथं फुकटात शिकलो.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: हा सराव ऍपचा आहे, स्पीडचा नाही. विजापूर रोडला किंवा बायपासला रात्री "टाईम लावायला" जाऊ नका. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तुमच्या फोनमध्ये तारीख-वेळ-स्पीडसकट स्वतःविरुद्धचा पुरावा तुम्हीच सेव्ह केलेला असेल.

फोनच्या सेटिंगमध्ये हे करा: ऍपसाठी बॅटरी सेव्हर बंद, नाहीतर स्क्रीन बंद झाली की काही फोन ऍपच मारून टाकतात. माझं चेन्नईचं एक अख्खं सेशन असंच गेलं, फाईलमध्ये फक्त पिटमधून (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात ती जागा) बाहेर पडेपर्यंतचा डेटा. एअरप्लेन मोड चालू करून मग ब्लूटूथ आणि लोकेशन परत चालू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही.

४. डबा कुठं बसवायचा

जीपीएसला वर मोकळं आभाळ पाहिजे. बाईकला मागच्या सीटच्या प्लास्टिकवर किंवा त्याच्या आत बसवा, प्लास्टिकमधून सिग्नल येतो. पत्र्याखाली किंवा कार्बन फायबरखाली येत नाही. कारमध्ये डॅशबोर्डवर काचेजवळ, किंवा चुंबकाचा असेल तर टपावर.

फोन हँडलला लावू नका, त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनच्या व्हायब्रेशननं फोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, ऍपलनं २०२१ मध्ये स्वतः तशी सूचना काढलीये. दुसरं, समोर आकडा दिसला की डोळा तिकडं जातो. १०० च्या स्पीडला अर्धा सेकंद खाली बघितलं तर १४ मीटर आंधळे गेलात. फोन सीटखाली किंवा सूटच्या आतल्या खिशात, बास.

आणि ऊन. एप्रिलमध्ये आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, चेन्नईला वरून घाम. उन्हात ठेवलेला काळा फोन तापून स्वतःच बंद पडतो. सेशनच्या मध्ये फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका.

डबा चालू केल्यावर लगेच निघू नका. बराच वेळ बंद असलेल्या डब्याला सॅटेलाइट सापडायला वेळ लागतो, हेल्मेट घालायच्या आधी पाच-दहा मिनिटं उघड्यावर चालू करून ठेवा.

५. स्टार्ट लाईन आणि सेक्टर

ऍपमध्ये ट्रॅकची यादी असते, तुमचा ट्रॅक असेल तर तोच निवडा. नसेल तर लाईन स्वतः टाका, आणि इथं एक बारीक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. जीपीएसची जागा थोडी इकडं-तिकडं होतेच. एक मीटरची चूक झाली आणि तिथं तुमचा स्पीड ३० असेल तर वेळेत ०.१२ सेकंदाची चूक येते. तीच लाईन १०० च्या स्पीडच्या पट्ट्यावर असेल तर फक्त ०.०३६. म्हणून स्वतःची लाईन नेहमी सरळ पट्ट्यावर, जिथं गाडी जोरात असते तिथं टाकायची, अवघड कॉर्नरच्या तोंडाशी नाही. सेक्टरच्या रेषांनाही हाच नियम. सेक्टर तीन किंवा चार पुरे, आणि कॉर्नर मध्यातून कापू नका, अख्खा कॉर्नर आणि त्याच्या पुढचा पट्टा एका सेक्टरमध्ये राहिला पाहिजे.

रेसमध्ये अधिकृत टाईम ट्रान्सपाँडरचा (गाडीला लावलेला, लाईन ओलांडली की सिग्नल देणारा डबा) धरतात. तुमच्या ऍपचा टाईम त्याच्याशी शंभराव्या हिश्श्याला जुळला नाही म्हणून टाईमकीपरशी भांडायला जाऊ नका.

६. ट्रॅकवर: कमी गोष्टी करा

पहिलं सेशन नुसतं गाडी आणि ट्रॅक ओळखायला. दुसऱ्या सेशनला पाच-सहा लॅप एकसारखे मारायचा प्रयत्न करा, तुमच्या पूर्ण ताकदीच्या थोडं खाली. हे ऐकायला पिचपिचीत वाटतं पण तुमच्या लॅपमध्ये आपापसात तीन-तीन सेकंदांचा फरक असेल तर टायरची हवा दोन पीएसआय कमी केल्यानं काय झालं हे देव पण सांगू शकणार नाही.

सेशन संपून आत आलात की आधी हवा मोजा, टायर गरम असतानाच. मग वहीत लिहा: वेळ, ऊन किती, वारं कुठल्या बाजूचं, हवा पुढं-मागं, गाडीत काय बदललं, आणि कुठं भीती वाटली. हो, भीती पण लिहा, संध्याकाळी ग्राफ बघताना सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं. आणि दोन सेशनच्या मध्ये एकच बदल करायचा. हवा बदलली तर सस्पेन्शनला हात नाही.

उन्हाचं का लिहायचं? २५ अंशांपेक्षा ४० अंशांत हवा जवळपास ५ टक्के विरळ असते, छोट्या इंजिनला ते लगेच कळतं. सकाळी नऊच्या सेशनपेक्षा दुपारी दीडला पट्ट्याच्या शेवटी स्पीड कमी दिसला म्हणून मी एकदा चेन, स्पार्क प्लग, एअर फिल्टर सगळं उचकटून बसलो होतो. गाडी ठणठणीत होती, ऊन वाढलं होतं आणि वारं समोरून होतं.

७. ग्राफ कसा वाचायचा

हे खरं काम, आणि हे पिटमध्ये घाईत नाही, रात्री लॉजवर जेवून निवांत करायचं.

आधी कचरा काढा. पहिला लॅप, आत येतानाचा लॅप, आणि ज्यात कुणीतरी आडवं आलं ते लॅप बाजूला. मग तुमचा सगळ्यात फास्ट लॅप आणि त्याच्या आसपासचा दुसरा एक लॅप, दोन्हींच्या स्पीडच्या रेषा एकावर एक टाका. खालच्या अक्षावर अंतर ठेवा, वेळ नाही. वेळ ठेवली की पहिल्या कॉर्नरनंतर दोन्ही रेषा एकमेकींपासून सरकत जातात आणि कुठला खड्डा कुठल्या कॉर्नरचा तेच कळत नाही.

आता स्पीडची रेषा म्हणजे डोंगर आणि दऱ्या. डोंगर म्हणजे सरळ पट्टे, दऱ्या म्हणजे कॉर्नर. खाली एक वेगळी रेषा असते, डेल्टा, म्हणजे या लॅपला तुम्ही त्या लॅपच्या किती मागं-पुढं आहात. ही रेषा जिथं चढायला लागते तिथं वेळ सांडायला लागला. किती उंच आहे ते बघू नका, कुठं चढायला सुरुवात झाली ते बघा. बऱ्याचदा ती पट्ट्यावर चढताना दिसते आणि माणूस म्हणतो इंजिन कमी पडलं, पण बी पेरलेलं असतं पट्ट्याच्या आधीच्या कॉर्नरमध्ये.

माझंच उदाहरण देतो. एका लांब पट्ट्याच्या आधीच्या कॉर्नरला मी जिगर दाखवून उशिरा ब्रेक मारायचो, मस्त वाटायचं. ग्राफवर बघितलं तर आत जाताना मी ०.१ सेकंद कमावत होतो, पण दरीचा तळ कॉर्नरच्या पार शेवटी येत होता, कारण गाडी वळायलाच तयार नव्हती, म्हणून थ्रॉटल उशिरा, म्हणून बाहेर पडताना स्पीड पाचनं कमी, आणि तो कमीपणा अख्खा पट्टाभर सोबत. हिशोब सांगतो, ४०० मीटरचा पट्टा सरासरी १०० नं गेलात तर १४.४ सेकंद, १०३ नं गेलात तर १४ च्या आत. दुसऱ्या दिवशी त्या एकाच कॉर्नरला दहा मीटर आधी ब्रेक मारला, बाकी ट्रॅकवर काहीच बदललं नाही, आणि ०.४ सेकंद वाचले. लॅप मारताना वाटत होतं आपण हळू चाललोय.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे घरंगळणं. डोंगराच्या माथ्यावरून रेषा एकदम खाली पडायला पाहिजे. तुमच्या रेषेत आधी हलका उतार आणि मग कडा दिसला, तर थ्रॉटल सोडून ब्रेक मारेपर्यंत तुम्ही नुसतेच बसला होतात. माझ्या पहिल्या फाईलमध्ये असं आठ ठिकाणी होतं. आठही ठिकाणं एका दिवसात दुरुस्त करायला गेलात तर पडाल, एक निवडा, आणि निवडताना ज्याच्यापुढं सगळ्यात लांब पट्टा आहे तो कॉर्नर निवडा.

तिसरं, दरीच्या तळाचा स्पीड. ६० मीटरच्या वळणात ५४ ऐवजी ५७-५८ टिकवला की ४ सेकंदांचे पावणेचार होतात. पाव सेकंद, एका कॉर्नरला. पण हा शेवटचा टप्पा, कारण इथं टायरची पकड संपते आणि माणूस जमिनीवर येतो. आधी बाहेर पडणं सुधारा, मग घरंगळणं, मग हे.

८. डेटावर किती विश्वास ठेवायचा

जीपीएसचा स्पीड भरवशाचा असतो, कारण तो सिग्नलच्या डॉप्लर फरकावरून काढतात. जागा तेवढी भरवशाची नसते, एक-दोन मीटर इकडं-तिकडं सहज. त्यामुळं नकाशावर "बघ मी आतून गेलो, तू बाहेरून" अशी लाईनवरची भांडणं साध्या जीपीएसच्या जिवावर करू नका, ट्रॅकच दहा-बारा मीटर रुंद असतो. लाईन बघायची असेल तर हेल्मेटचा नाही, गाडीला लावलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघा, तोही आयोजकांची परवानगी असेल तर.

बाईकवाल्यांसाठी खास: फोनच्या सेन्सरमधला साईड जी (वळणात बाजूला बसणारा जोर) वाचू नका. बाईक झुकते तेव्हा फोनही झुकतो आणि त्याला वाटतं आपण सरळच आहोत, आकडा शून्याच्या जवळ येतो. जीपीएसच्या स्पीड आणि दिशेवरून काढलेला साईड जी घ्या. कार आणि कार्टला ही अडचण नाही.

आणि ऍप जो "थिऑरेटिकल बेस्ट" दाखवतं, म्हणजे प्रत्येक सेक्टरचा बेस्ट जोडून केलेला लॅप, त्यावर फार जीव टाकू नका. सेक्टर एकच्या शेवटी वेड्यासारखा उशिरा ब्रेक मारून तिथं रेकॉर्ड करता येतो, त्याचं बिल सेक्टर दोनमध्ये येतं. बेस्ट लॅप आणि थिऑरेटिकल बेस्टमध्ये दीड-दोन सेकंदांचं अंतर असेल तर गाडीवर खर्च करू नका, अजून तुमच्यातच माल शिल्लक आहे.

सगळ्यात मोठा फायदा मला झाला तो हुबळीच्या एका पोराची फाईल मागितल्यावर, त्याची पण आर१५, माझ्यापेक्षा पाच सेकंद फास्ट. लाजू नका, मागा, बहुतेक जण देतात. फक्त गाडी तीच आणि सेशन तेच असलं पाहिजे. बघितलं तर पट्ट्यावर आम्ही सारखेच होतो, माझ्या डोक्यातलं "त्याचं इंजिन बनवलेलं आहे" तिथंच संपलं.

९. घरी आल्यावर

त्याच आठवड्यात फाईली फोनमधून काढून घ्या, व्हीबीओ किंवा सीएसव्ही करून कॉम्प्युटरवर ठेवा. व्हीबीओ फाईल सर्किट टूल्स या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये उघडते, मोठ्या स्क्रीनवर दोन रेषा बघायला सोपं जातं. वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. आणि फाईलला नाव द्या, तारीख, ट्रॅक, सेशन नंबर, हवा. माझ्याकडं पहिल्या वर्षाच्या "न्यू सेशन १" ते "न्यू सेशन १४" अशा फाईली आहेत, त्यातली पावसातली कुठली आणि नवीन टायरची कुठली हे आता मलाच माहीत नाही. पुढच्या ट्रॅक डेच्या आदल्या रात्री, सामान भरून झालं की, फक्त एक कॉर्नर निवडून वहीच्या नव्या पानावर लिहा आणि ते पान गेजच्या डब्यात ठेवा. हवा मोजायला डबा उघडाल तेव्हा दिसेलच.